उभ्या इंजिनाचा आवाज

—हो, खोक्यावरची अक्षरं माझीच. ‘डिझेल’ लिहिताना दर वेळी घोटाळा होतो, एकदा ऱ्हस्व, एकदा दीर्घ—हसा, हसा काका, मामाही हसतो. सातवीतच शाळा सुटली माझी, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. आणि बोलणंही साधंच आहे, गिऱ्हाइकाला गुंडाळता येत नाही मला—ते खातं मामाकडे. तो असला की मी मागे दिव्याखाली, तोंडाला कुलूप. आज तो माल आणायला गेलाय, म्हणून तुमच्या नशिबी मी आलो. अनोळखी माणसापुढे जीभ टाळ्याला चिकटते माझी—पण इंजिनाबद्दल विचारलंत ना, मग जमतं.

घ्या की हातात इंजिन. हे कठडे बघा, तांब्याच्या तारेचे, केसाएवढे—चिमट्याने एकेक बसवलेत. काजळी म्हणजे काळ्या खडूची पूड. नवंकोरं इंजिन खेळणं वाटतं हो, मळलं की खरं वाटायला लागतं. आणि आवाज कुठून येतो? ओळखा. नाही, छतातून नाही—खालच्या टाकीतून. नाण्याएवढा स्पीकर आहे आत, मागून बंद डबी केलीय, नाहीतर डास गुणगुणल्यासारखं वाटतं. मामा म्हणतो, हा पोरगा जेवण अर्धवट सोडेल, काम सोडायचा नाही. खरंय ते.

तुम्ही रस्त्यावरून आवाज ऐकूनच आत आलात ना? मगाशी बाहेर उभे होतात बराच वेळ, मी काचेतून बघत होतो. म्हटलं आत बोलवावं, पण—असो. विकाऊ नाही हं हे, वकीलसाहेबांचं आहे. दाढीवाले, मोठे हौशी. त्यांच्या घरी अख्खी खोलीभर गाडी धावते. परत चालू करतो—हं, आधी खोकतं, मग धरतं. आणि हा हॉर्न. दोन तुटक, मग एक लांब, लांब, लांब—काय झालं? बसा ना. स्टूल ओढा तो. सगळे दचकतात या हॉर्नला. एक बाई तर म्हणाली, अरे बंद कर, कुणीतरी मेल्यासारखं वाटतं.

वकीलसाहेबांना तोच पाहिजे होता. आधी मी फाटकाजवळचा हॉर्न भरून दिला होता—ते म्हणाले, हा तर ड्यूटीचा हॉर्न, भीतीचा कुठाय? आता चालक भीतीचा हॉर्न कधी देतो? रुळावर माणूस दिसला तरच. मग माणूस कुठून आणायचा? मी उभा राहिलो तर रेकॉर्डर कोण धरणार? नाही का? म्हणून एक बुजगावणं केलं. मामाचा जुना कोट, विजार, आत थर्मोकोलचे दाणे, डोक्याला टोपी. बोटाएवढी माणसं रोज करतो मी, त्याला पुरुषभर उंची दिली, एवढंच. मान जरा खाली घातली—विचारात असल्यासारखी. चांगला झाला होता हो. आई आजही विचारते, मामाचा कोट गेला कुठे, उंदरांनी नेला का?

खाणीकडून संध्याकाळी एक नुसतं इंजिन परत येतं—डबे नाहीत, चालक एकटा. डबे नसले की आवाज स्वच्छ मिळतो. वळणापाशी उभं केलं बुजगावणं, मी झुडपात. त्याने हॉर्न दिला, ब्रेक मारला, चाकं किंचाळली—आणि थांबेपर्यंत इंजिन बुजगावणं उडवून पार पुढे गेलं. सगळं मिळालं मला. एका फटक्यात.

आता हे थांबलंय ना, उभ्या इंजिनाची घरघर—हीसुद्धा तिथलीच. छोटा तुकडा पुन्हा पुन्हा फिरतो, सांधा कळत नाही. कळतो? तुम्ही बोट उचलताय—बरोबर त्याच्या आधी. परत उचललंत. कान तयार आहे काका तुमचा. हो, दर फेरीला एक सुस्कारा येतो. लोकांना वाटतं हवेचा पंप. पंप नाही तो. चालक खाली उतरला होता, बॅटरी घेऊन खडीतून शोधत होता, हाका मारत होता. त्या हाका कापल्या मी. एकीचं शेपूट राहिलं—तेही कापलं असतं, तर तुकडा फार आखूड झाला असता. बाहेर यावं, सांगावं, असं मनात आलं होतं हो. दोनदा उठलो. पण काय बोलायचं? अनोळखी माणूस, त्यात रडत होता. मला नाही जमत.

काय म्हणालात?

परत म्हणा. नाही—नको. ‘अहो दादा, कुठं आहात’—हेच शब्द. पण ते तर मी कापले. ते कुणीच ऐकलेले नाहीत. आणि आवाज—

काका, तुम्ही ते इंजिन…

मला माहीत नव्हतं. खरंच. मला वाटलं, घरी जाऊन जेवला असेल, झोपला असेल. चौकशी कशाची? माणूस उडवला असं तुम्हीच जाऊन सांगितलंत? पण मग—पीत नाही तुम्ही? त्यांनी लिहिलं प्यायला होता म्हणून? आणि डोक्याच्या डॉक्टरकडे… इंजिनावर चढू देत नाहीत. हं. आणि बायकोसुद्धा? तुम्ही झोपेत हाका मारता, तेव्हा ती उठून मुलांच्या खोलीत जाते?

हो, कळलं. मी सांगितलं तर मिटेल. येतो मी. तुमच्या साहेबांपुढे बोलता येईल की नाही, माहीत नाही—पण दाखवायला काही नाही ना माझ्याकडे. मूळ रेकॉर्डिंग पुसलं. हे एवढंच उरलंय, हा सुस्कारा. प्रेत सोडा, साधी चिंधी कशी सापडली नाही, हेच विचारताय ना? चार दिवस शोधलंत तुम्ही? हातापायांवर?

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गेलो होतो मी. कोटाच्या गळ्याशी शिंप्याची पट्टी होती, मामाचं नाव निघालं असतं. तुकडे लांब खाली उतारावर उडाले होते, सगळे पोत्यात भरले. टोपी नाल्यात होती, ती काढली. मग दाणे—पांढरे, खडीत खोलवर गेलेले, वाऱ्याने उडालेले. हाताने निघणारे नव्हते. म्हणून हा चिमटा नेला होता, कठड्यांचा. गुडघ्यावर बसून एकेक उचलला. ऊन चढेपर्यंत. एकसुद्धा ठेवला नाही, काका. मी काम अर्धवट सोडत नाही.