उपाशीपोटी शिरा

हॅलो?… हो सत्यवतीताई, शकुनच बोलून राहिली. अमरावतीच्या दवाखान्यातूनच… तुमचे भाऊ बरे आहेत. अकराले आत नेतात…

नाही, पोट नाही फाडत… ऐका ना ताई. मागच्या महिन्यात लिवरची गाठ काढली, तवा पित्ताच्या नळीले इजा झाली. ते पित्त पोटात गळून राहिलं, म्हणून ताप. आता तोंडातून दुर्बीण घालतात अन् त्या नळीत एक बारकी नळी बसवतात…

हो, तोंडातूनच… टाके? एकही नाही…

मंग? भेटाले येणाऱ्याले दाखवाले टाके पाहिजेत, म्हणून पोट फाडून घ्याचं का? तुमी अकोल्यात सगळ्याईले मोठं ऑपरेशन सांगितलं, ते तुमचं तुमी निस्तरा…

कुठं पोचल्या?… मूर्तिजापूर? किती जण?… जीपमंदी नऊ? ताई, इथं खोलीत एकच माणूस बसू देतात…

हो, आले ना सूर्यभानमामाजी भातकुलीहून. तेच बसले त्याईच्यापाशी. मी रेंज नाही म्हणून बाहेर आली… डबा? कायचा डबा?… शिरा? तुमी सांगितला आणाले?… काहून?…

'उपाशी माणसाले ऑपरेशनले पाठवत नसतात.' असं कोण म्हणते?… तुमच्या सासूबाई. बरं…

ताई, रातपासून पाण्याचा घोट नाही दिला मी त्याईले. भूल देतात. पोटातलं उलटून छातीत गेलं तर जीव जाते माणसाचा… थांबा. ठेवू नका फोन, आत पाहून येतो…

हॅलो… हो, आहो…

खाल्ला. दोन वाट्या… नर्सनं विचारलं तर तुमचे भाऊ म्हणे, काहीच नाही खाल्लं. मिशीले तूप लागलेलं. मामाजी म्हणतात, शिरा पातळच होता…

नंबर गेला आजचा. आता उद्या सकाळी सातले… ताप एकशे दोन आहे ताई. आणखी एक रात काढाची आहे त्याईले…

रडू नका. मायेनंच केलं, समजते मले. पण गाडी वळवा… नाही वळवत? आता निघालोच आहो म्हणता?…

मामाजीले नका लावू फोन. त्याईचा मोबाइल माझ्यापाशी आहे. डबाही… नर्सले सांगून खोली बदलून घेतो मी…

नव्या खोलीचा नंबर?… उद्या सांगतो, नळी बसल्यावर. ठेवतो ताई.