डबा उगाच उघडू नये

शरफुन्निसा : हम्माद, दर वळणाला म्हणतोस, ह्याच्या मागेच लॉज. एव्हाना आपण फिरून परत खालच्या लॉजवर पोचलो असू.

हम्माद : मामी, गाईड मी आहे का तुम्ही?

शरफुन्निसा : तू वरच्या लॉजचा कुक. जावयाने आम्हाला आणायला धाडलं म्हणून गाईड.

हम्माद : दरड पडून गाडीरस्ता बंद झाला की कुकच गाईड होतो. यल्ला, चला.

मोहियुद्दीन : थांबा. सेफ्टी... ब्रेक.

शरफुन्निसा : दम लागला म्हणा की, अस्माचे अब्बा.

मोहियुद्दीन : जुबैलच्या प्लांटवर सेफ्टी सुपरवायझर आहे मी. मला दम लागत नाही. मी ब्रेक देतो.

हम्माद : लो, आमचा हमालही बसला! हा रहमतुल्ला सकाळपासून एक दगड सोडत नाही.

मोहियुद्दीन : गॅस-मास्कचे डबे खांद्याला आहेत ना? आखातातली लढाई संपेपर्यंत डबा अंगावेगळा करायचा नाही, आणि उगाच उघडायचा नाही.

शरफुन्निसा : मी कशाला उघडतेय?

हम्माद : ह्या डोंगरात मिसाइल कशाला येईल, मामू?

मोहियुद्दीन : तुला विचारून येणार आहे?

शरफुन्निसा : उठा हो. पोर वर उपाशी आहे. सातवा लागलाय, आणि लढाई सुरू झाल्यापासून घास गिळत नाही.

हम्माद : मी बिर्याणी केली, मटण केलं. अस्मा बघते आणि तोंड फिरवते. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर सलाइन लावून हॉस्पिटलात ठेवू.

मोहियुद्दीन : गप्प! कसला वास येतोय?

हम्माद : हो की! घाण वास!

मोहियुद्दीन : गॅस! मास्क घाला! गॅस!

हम्माद : मामू, रहमतुल्ला पळाला!

मोहियुद्दीन : सामान टाकून?

हम्माद : सामानासकट! वर! अरे, हा एवढा जोरात चढतो?

मोहियुद्दीन : शरफू, बघत काय बसलीस? डबा उघड! आण इकडे!

(झाकण उघडल्याचा आवाज.)

हम्माद : मामी... बोंबील?

शरफुन्निसा : सुके. बहिणीने पाठवलेले. मघाशी डबा दगडावर आपटला, तेव्हा झाकण ढिलं झालं असेल. पण काय हो, जन्म श्रीवर्धनचा आणि बोंबील ओळखता येत नाही? गॅस काय ओळखणार!

मोहियुद्दीन : मास्क कुठे आहे?

शरफुन्निसा : जुबैलला. पलंगाखाली.

मोहियुद्दीन : अगं, खरंच गॅस आला असता तर बोंबील लावून बसली असतीस तोंडाला?

शरफुन्निसा : पिशवीत ठेवले असते तर लॉजवाल्याने वासावरून बाहेर काढलं असतं. मास्कचा डबा कोण हुंगतो? पोरीने फोनवर एकच मागितलं, अम्मी, बोंबलाची चटणी. मग काय मास्क भाजून घालू तिला?

हम्माद : मामू, रागावू नका.

मोहियुद्दीन : इकडे ये, शरफू. हा माझा डबा अडकव खांद्याला.

शरफुन्निसा : आणि तुम्ही?

मोहियुद्दीन : मला दाढी आहे. दाढीवर मास्क घट्ट बसत नाही, हवा आत शिरते. अख्ख्या प्लांटला मीच शिकवलंय.

शरफुन्निसा : मग इतके दिवस कशाला वागवत होता?

मोहियुद्दीन : मी घेतला नसता तर तू घेतला असतास?

शरफुन्निसा : आणा तो डबा इकडे.

मोहियुद्दीन : दे ते बोंबील इकडे. हम्माद, लॉज कुठे?

हम्माद : ह्या वळणामागेच, मामू.

शरफुन्निसा : चढ उभा आहे हो. ब्रेक द्यायचा का जरा?

मोहियुद्दीन : नको. पोर उपाशी आहे.