आतला खोकला

नाही नाही, सिस्टर, आत नका जाऊ लगेच — आत्ताच डोळा लागलाय माझ्या धाकट्या बहिणीचा. बसा इथं, त्या उशा सरकवा बाजूला, खुर्चीवर नको, तिथल्या पडद्याला टाचण्या आहेत. आरोग्य योजनेचं माणूस असं घरी येतं हे मला ठाऊकच नव्हतं — मला वाटलं, सगळं फोनवरच असतं. दर आठवड्याला फोन करायच्या त्या तुम्हीच ना? आवाजावरून ओळखलं मी — म्हणजे, धाकटी सांगते ना, बाईंचा आवाज मऊ आहे म्हणून. खोकला? हो, तो तिचाच. झोपेतही खोकते ती. भिंत पातळ आहे, ऐकू येतं सगळं, आणि ते बरंच आहे — मी मशीनवर बसले तरी एक कान तिकडेच असतो माझा. खोकला आला की समजायचं, आहे बाई जागेवर.

दम्याचं औषध उचललं नाही? तुमच्याकडे कळतं होय, दुकानातून कुणी काय नेलं ते? भिंतीला कान असतात ऐकलं होतं, आता औषधाच्या दुकानालाही फुटले म्हणायचे. हसत नाही तुम्ही. बरं. अहो, नेलं नाही कारण पहिलं संपलंच नाही. रोजचा पंप रोज ओढायचा, बरं वाटत असलं तरी ओढायचा — पाठ आहे मला. पण तुम्हीच सांगा, माणूस हसतंय, बोलतंय, मापं घेतंय, कापड बेततंय, आणि त्याला औषध द्यायचं? पोट भरल्यावर कुणी पुन्हा ताट वाढतं का? छातीत शिट्टी वाजायला लागली की देते की मी. मी देते म्हणजे — घेते तीच, मी नुसता काढून देते. कपाटात असतो ना.

कुलूप काही पंपासाठी नाही लावलेलं, ते आधीपासूनचं आहे. कात्र्या असतात आत. काम संपलं की सगळ्या कात्र्या आत आणि कपाटाला कुलूप, ही वडिलांची शिस्त. हो, दोन्ही पंप तिथंच. निळा पण, दम लागल्यावरचा. किल्ली ही बघा, माझ्या गळ्यात, हरवायची भीतीच नाही. मागितला की देते ना — आधी विचारते एवढंच, खरंच लागतोय का, जरा पाणी पी, जरा शांत बस, बघ जातोय का आपोआप. सवय लागते हो त्याची. एकदा लागली की सुटत नाही. तुम्ही ते प्लास्टिकचं नळकांडं पाठवलंत ना, पंपाला लावून ओढायचं, ते जपून ठेवलंय मी — तिथं, फळीवर. हो, दोऱ्याची बॉबिनंच आहेत त्यात. रिकामं कशाला ठेवायचं म्हटलं.

असं बघू नका माझ्याकडे. मी काही तिची वैरीण नाही, आईच्या माघारी मीच वाढवलीय तिला. आईलाही हाच दमा. आई गेली तेव्हा मी जवळ होते, आणि तिच्या मुठीत तो निळा पंप होता — मूठ उघडता उघडेना. शेवटी शेवटी सारखी ओढायची, ठेवला की पुन्हा हातात, ठेवला की पुन्हा. मग गेलीच. त्या पंपानंच नेलं तिला. आता धाकटीच्या हातात तो दिसला ना, की मला आईची मूठ दिसते. खूप भीती वाटते हो मला. काय? नाही, आईला रोजचा कुणी दिलाच नव्हता. नुसता निळा. म्हणजे काय — थांबा, परत सांगा. निळा सारखा लागतो म्हणजे आतली सूज वाढलीय. आणि ती सूज रोजचा उतरवतो. मग आईला रोजचा मिळाला असता तर — नको, राहू द्या. नका सांगू.

पण मग फोनवर ती हो का म्हणायची, असंच विचारताय ना? ती नव्हती, मी होते. आमचे आवाज सारखे आहेत, दोघींचे आईवर गेलेत. ‘हो सिस्टर, रोज घेते’ — मीच म्हणायचे. एकदा तुम्ही मला शाब्बास म्हणालात. किती बरं वाटलं होतं मला. कुणी म्हणत नाही हो तसं.

आज? आज सकाळी मागितला तिनं. वाक्य धड होत नव्हतं, एकेक शब्द टाकत होती. मी म्हटलं, पड जरा, आज कामाला सुट्टी, मशीनला हातही लावायचा नाही, कपाटसुद्धा उघडलं नाही मी. जेवणाच्या वेळी पुन्हा म्हणाली, ‘ताई, दे ना गं.’ एवढंच. मग नाही मागितला. शिट्टी चालू होती, खोकला चालू होता, आता तुम्ही ऐकलातच की. आणि आता बघा — ऐका — थांबला. शिट्टीही नाही. तुमचा पायगुण म्हणायचा, सिस्टर. सांगत नव्हते मी, बसतो आपोआप?

उठलात का? शांत झालं म्हणजे बरंच ना? नाही? आवाज नाही म्हणजे — म्हणजे हवाच जात नाही आत? दार नुसतं लोटलंय, ढकला. हो, किल्ली, निळा, देते, देते ना — गाठ बसलीय दोऱ्याला, डोक्यातून निघत नाही, कात्री द्या कुणीतरी — कात्र्या आत आहेत, कपाटात आहेत सगळ्या — दातांनी तोडते मी, तुम्ही जा, थांबू नका माझ्यासाठी. धाकटे. ए धाकटे, खोक गं. एकदा खोक.