विटेसारखे वाटाणे

मावशी : हलवून बघा ना ती पिशवी. कानाशी धरून हलवा.

साहेब : हलवली. दगड झालाय नुसता. म्हणजे गोठलेलीच आहे. मग अडचण काय?

मावशी : वाटाणे आहेत ते, साहेब! शुक्रवारी मी ठेवले तेव्हा खुळखुळत होते. आता अख्खी वीट झालीय. मधे विरघळले, पाणी सुटलं आणि वीज आल्यावर परत गोठले. हातच्या काकणाला आरसा कशाला?

साहेब : वाटाणे टाकून द्या. मी चिकनचं बोलतोय. दुपारी तेच करायचंय.

मावशी : त्याच फ्रीझरमधलं ना? ट्रे बघा. लाल पाणी कोपऱ्यात वाहून गेलंय आणि तिथेच गोठलंय.

साहेब : वास कुठे येतोय?

मावशी : वासावर ठरवायचं असेल तर तुमच्या नाकालाच बसवा चुलीपाशी!

साहेब : आवाज खाली, मावशी. शनिवारी दुपारी वीज गेली, रविवारी सकाळी आली. अठरा तास. फ्रीझरच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, भरलेला असेल तर चोवीस तासांच्या वर टिकतो.

मावशी : दार बंद ठेवलं तर! तेही लिहिलंय ना? की तेवढ्या ओळीवर बोट होतं तुमचं?

साहेब : बंदच होतं.

मावशी : मी सुट्टीवर होते, मेले नव्हते. वॉचमनने सांगितलं सगळं. साहेब दर अर्ध्या तासाला बॅटरी घेऊन यायचे, दार उघडायचे, एकेक पुडा दाबून बघायचे.

साहेब : मग बघायला नको? जबाबदारी माझी आहे!

मावशी : बाळ झोपलंय का बघायला दर घटकेला त्याला हलवून उठवायचं, तसली ही जबाबदारी. बघून बघून वितळवलंत.

साहेब : झालं ते झालं. खळाखळा उकळा चांगलं. उकळलं की सगळं मरतं.

मावशी : हेच म्हणाला होतात गेल्या उन्हाळ्यात. शब्दही बदलला नाहीत.

साहेब : तो विषय आता कशाला?

मावशी : कशाला म्हणजे? तेव्हाचंही चिकन दोनदा उकळलं मी. माझ्या हातांनी वाढलं. वृद्धाश्रम आहे हा, साहेब, इथली पोटं विशीतली नाहीत. सात जण आजारी पडले. आणि खिडकीपाशी बसणाऱ्या आजी हॉस्पिटलमधून परत आल्याच नाहीत.

साहेब : त्यांचं वय झालं होतं. जेवणामुळे गेल्या असं डॉक्टर म्हणाले नाहीत.

मावशी : कसे म्हणतील? आदल्या दिवशी वीज गेली होती, हे त्यांना सांगितलं कोणी? तुम्ही हात झटकलेत. मी नोकरीच्या भीतीने तोंड शिवून बसले. आजींची मुलगी आईचे कपडे न्यायला आली, तिला मी चहा दिला. चहा दिला, साहेब, आणि गप्प बसले! लाज वाटते मला माझी.

(साहेब स्टुलावर बसतात.)

साहेब : मी का उघडत होतो दार, माहितीये? त्या आजींमुळेच. घरी गेलो तरी डोळ्यासमोर फ्रीझर. परत यायचो, बघायचो. परत यायचो.

मावशी : मग इतकं कळतंय तर आज हे शिजवायला कसे सांगता? जीभ कशी रेटते?

साहेब : समितीला काय सांगू? पंधरवड्याचा माल मीच दार उघडून उघडून घालवला?

मावशी : हो. हेच सांगा. हसतील तुम्हाला. हसू देत. मी हे पातेल्यात घालणार नाही. काढायचं तर काढा मला. पण आधी वर जाऊन एकेकाला सांगून येईन, आज त्यांना काय वाढायला सांगितलं होतंत ते.

साहेब : धमकी देताय?

मावशी : हो.

साहेब : ...मोठ्या काळ्या पिशव्या कुठे आहेत?

मावशी : सिंकच्या खाली. दोन-दोन एकात एक घाला, नाहीतर गळतील.

साहेब : आणि जेवणाचं काय? साडेबाराला सगळे येऊन बसतात.

मावशी : बटाटे उकडते. एक वाजेल.

साहेब : ओरडतील.

मावशी : ओरडू देत. ओरडायला असू देत सगळे.