काचेवरचा शेंदूर

मी मूळचा वाईकडचा, गुरुजी, सुताराच्या घरातला. बाप बैलगाडीची चाकं करायचा. चाकावर टिचकी मारायची आणि आवाजावरनं सांगायचं, हा आरा ढिला हाय, हा पुढच्या सुगीपतोर टिकंल, आणि तसंच व्हायचं. मला ते कान बापाकडनं आले. पण चाकांचे दिवस सरत आले होते, लढाई लागली, पेट्रोल मिळंना, आणि वाईच्या रस्त्याला कोळशाच्या गॅसवरच्या मोटारी आल्या, मागं ही एवढी भट्टी, धुरानं बसलेली माणसं काळी व्हायची, आणि त्या मोटारी रोज मोडायच्या. रोज मोडायच्या म्हणून मला काम मिळालं, न्हाईतर सुताराच्या पोराला इंजनाला हात कोण लावू देतंय? मी कुठं शिकलो न्हाई, हे बी लिवा. कानानं आणि नाकानं शिकलो. तेल जळाल्याचा वास निराळा, क्लच जळाल्याचा निराळा. चार वर्षांत लोक मला महादू मिस्त्री म्हणायला लागले आणि मला बी वाटायला लागलं की आपण कोण तरी हाय.

वाईत एक मोटरमालक होते, आमी त्यांना तात्या म्हणायचो, त्यांच्याकडं मी होतो. गॅरेज कुठलं आलंय तवा? तात्यांच्या घरामागच्या परड्यात, म्हशीच्या गोठ्याला लागून मोटर उभी राहायची, तिथंच खोलायची, तिथंच जोडायची, आणि तात्यांची आई ओट्यावर बसून वाती वळत मला सांगायची, महादू, तुझे तेलाचे हात माझ्या तुळशीला लावू नकोस रं.

लढाई संपली तशी सरकारनं पलटणीच्या गाड्या विकायला काढल्या. डिस्पोजल म्हणायचे त्याला. तात्यांनी त्यातली एक अमेरिकन गाडी आणली, तिच्यावर इथंच लाकडी बॉडी बांधली, बाकडी टाकली आणि वाई ते पाचगणी सर्व्हिस सुरू केली. त्या गाडीत ड्रायव्हरच्या पुढं जी पाटी होती, तिच्यावर एक लाल दिवा होता. जुन्या गाड्यांना काटा असायचा, थरथरायचा, त्याच्याकडं कोण बघत न्हवतं. ह्यो दिवा निराळा. चावी फिरवली की पेटायचा, इंजन सुरू झालं की विझायचा. विझला म्हंजे इंजनात तेल दाबानं फिरतंय. विझला न्हाई, तर गाडी जाग्यावरनं हलवायची न्हाई. एवढं सोपं. बारक्या पोराला बी कळंल.

हे मला कुणी सांगितलं? बिरूनं. बिरू म्हंजे आमचा ड्रायव्हर, म्हसवडकडचा, धनगराचा. बाप मेंढरं राखायचा, ह्यो पलटणीत गेला, तिकडं मोटर चालवायला शिकला आणि चार मुलूख बघून आला. लय शिस्तीचा माणूस. गाडी काढायच्या आधी खाली वाकून बघणार, चाकांना लाथा मारणार, मग बसून चावी फिरवणार आणि त्या दिव्याकडं बघत राहणार. म्हणायचा, मिस्त्री, दिवा म्हंजे पहाऱ्यावरचा शिपाई हाय, त्यानं हाळी दिली की थांबायचं, का म्हणून इचारायचं न्हाई. मी म्हणायचो, गड्या, मला दिवा लागत न्हाई, मला कान हाईत. तवा त्यो हसायचा आणि सगळ्यांच्या म्होरं म्हणायचा, आवं तुमी नाडी बघणारे वैदू, आमी आपलं दिवा बघणारे. लोक हसायचे. मी बी हसायचो. पण मला ते लागायचं. आज पन्नास वरसं होऊन गेली, त्यो कुठं उभा राहून हसला ते मला दिसतंय.

आता पुढचं सांगतो, मध्ये काय बोलू नका, न्हाईतर ऱ्हाईल.

खंडेनवमीचा दिवस. हत्यारांची पूजा असती तशी मोटारीची असायची. बिरू नदीवर आंघोळीला गेलेला. मी पूजेसाठी गाडी पुसून परड्यात लावावी म्हणून चावी फिरवली, हँडल मारलं, इंजन सुरू झालं, आणि दिवा विझला न्हाई. थोडा दम धरला. न्हाई विझला. तेल मोजायची पट्टी काढून बघितली, तेल भरलेलं. मग इंजनाच्या बगलेला जिथं दिव्याची तार लागती ती ओढून काढली, तर दिवा विझला. म्हंजे तारेत खोट न्हाई. तार ठीक, तेल भरपूर, आता दोनच गोष्टी राहिल्या. एक तर तारेच्या टोकाचं, तेलाच्या दाबावर चालणारं बटण बिघडलंय, न्हाईतर खरंच तेल वर चढत न्हाई. ते बी बघितलं. बटण खोललं आणि हँडल फिरवलं. भोकातनं तेलाची चिळकांडी उडाया पाहिजे होती. थेंब आला. काळा, दाट, एक थेंब, मग दुसरा. खाली तेलाच्या तळाला जाळी असती, ती गाळानं चोंदलेली. काय झालंय ते मला तवाच कळलं होतं, गुरुजी. कळलं न्हाई असं मी पुढं सांगितलं, पण कळलं होतं.

तळ खोलायचा म्हंजे दोन दिवस. दुसऱ्या दिवशी दसरा, पाचगणीच्या सगळ्या जागा ठरलेल्या. मी तात्यांना म्हणलं, तात्या, दिवा विझत न्हाई. ते सोवळ्यात होते. म्हणले, अरे, आख्खी वाई सांगती महादूला मोटार बोलती म्हणून, आणि तू आज दिव्याचं गाऱ्हाणं आणतोस? मिस्त्री तू हायस का त्यो दिवा? तुझा कान काय म्हणतो? मी म्हणलं, कानाला बरी वाटती. म्हणले, मग झालं. उद्याचा दिवस जाऊ दे, मग खोल.

तात्यांनी एवढंच सांगितलं. बाकीचं मी केलं. लोकांनी पुढं तात्यांना नावं ठेवली, ती खोटी हाईत.

कारण बिरू दिवा बघून गाडी काढणार न्हाई, हे मला ठाऊक होतं. त्यो चारचौघांत म्हणणार, वैदूबुवा, शिपायानं हाळी दिली. मग सगळी हसणार. पूजेला तेलात कालवलेला शेंदूर वाटीत ठेवला होता, म्होरच्या पत्र्याला, चाकांना, सुकाणूला बोटं लावायची. मी आत चढलो आणि एक जाड बोट त्या दिव्याच्या काचेवर लावलं. मग आणखी एक. मग वर तांदळाचे दाणे चिकटवले, पूजेचं दिसावं म्हणून. खंडेनवमीचं बोट आपल्याकडं कुणी पुसत न्हाई, ते आपसूक पडंपतोर तसंच ऱ्हातं. ते मला ठाऊक होतं म्हणूनच लावलं.

दसऱ्याला सकाळी बिरू आला, वाकून बघितलं, चाकांना लाथा मारल्या, आत बसला. म्हणला, मिस्त्री, दिव्यावर हे कुणी लावलं? मी म्हणलं, तात्यांच्या आईंनी. पुसू नकोस, सणाचं हाय. त्यानं हात जोडले. मग माझ्याकडं बघून म्हणला, तुमी बघितलाय न्हवं? विझतोय न्हवं? मी म्हणलं, व्हय, विझतोय. त्यानं पुन्हा इचारलं न्हाई. हसला बी न्हाई. माझ्या शब्दावर गाडी काढली त्यानं.

पसरणीच्या घाटात निम्म्यावर चढ लय उभा हाय. तिथं इंजन ठोकायला लागलं. बिरूनं ऐकलं, वळणावर थोडी सपाटी हाय तिथं उभी करतो म्हणून नेत होता, तेवढ्यात इंजन जाम झालं. गाडी थांबली आणि मागं सरकायला लागली. ब्रेक दाबून दाबून धरंनात, भरलेली गाडी. एका अंगाला दरी, एका अंगाला डोंगर. त्यानं मान मागं वळवून सुकाणू असं फिरवलं की गाडीचं ढुंगण डोंगराला जाऊन धडकलं आणि तिथंच ठरली. दरीत गेली असती तर एक बी माणूस वाचलं नसतं. पण मागच्या दाराशी पसरणीची एक बाई बसली होती, चंद्राबाई, पाचगणीला एका शाळेच्या स्वैपाकघरात भांडी घासायची. तिनं भिऊन उडी टाकली, ती नेमकी डोंगराच्या बाजूला. गाडी आणि खडक यांच्यामधी सापडली.

मी दुसऱ्या गाडीनं वर पोचलो तवा बिरू रस्त्यावर तिच्यापाशी बसला होता. डोक्याचा पटका सोडून तिच्या अंगावर टाकलेला. मला म्हणला, मिस्त्री, चावी तशीच हाय, बंद करा. मी आत चढलो. चावी बंद केली. आणि खिशातला तेलाचा बोळा काढून ती काच पुसली. चांगली घासून पुसली. बाहेर एक बाई मेलेली पडलीय आणि मी काच पुसतोय.

साताऱ्याहून मोटारी तपासणारे साहेब आले. त्यांनी तळ खोलायला लावला, मलाच. जाळी चोंदलेली निघाली. साहेब म्हणले, म्हंजे दिवा निघाल्यापासनं पेटलेला असणार, तरी तू गाडी हाकलीस? बिरू म्हणला, साहेब, दिव्यावर शेंदूर होता, दिसत न्हवता. साहेबांनी काच बघितली. कुठाय शेंदूर? बिरू वाकला, काचेच्या कडेला, पत्र्याच्या खाचेत, केसाएवढी लाल रेघ राहिली होती, ती त्यानं नखानं दाखवली. ह्यो बघा. साहेब माझ्याकडं वळले. मिस्त्री, हे काय हाय? मी म्हणलं, पलटणीचा जुना रंग हाय, साहेब, गंज धरू नये म्हणून लावत्यात.

बिरूनं माझ्याकडं बघितलं. शिवी न्हाई दिली. त्याला तवाच समजलं सगळं, आणि त्यो गप बसला. का गप बसला ते मला अजून कळलं न्हाई. बोलून उपेग न्हाई हे त्याला कळलं असंल. धनगराच्या शब्दापुढं मिस्त्रीचा शब्द. तात्यांच्या आईला शेंदराचं कुणी इचारलं बी न्हाई, ओट्यावरच्या म्हातारीला कोण इचारतंय?

त्याचं लायसन गेलं, सात महिने आत काढले. सुटून म्हसवडला गेला आणि बापाची मेंढरं घेतली. पलटणीत मोटारी हाकलेला माणूस, काठी घेऊन माळावर. गावात त्याला बाई मारलेला बिरू म्हणायचे. पोरीचं लगीन त्यापायी दोनदा मोडलं, हे मला मागनं कळलं. मी वाई सोडली, सांगलीला आलो, हितं माधवनगरात गिरणीच्या लॉऱ्या बघायला लागलो. माझं चांगलं झालं, काय सांगू तुमाला. घर झालं, पोरं शिकली. लोक म्हणायचे मिस्त्रीचा हात म्हंजे देवाचा हात.

सिद्धनाथाच्या रथाच्या जत्रेला मी म्हसवडला तीनदा गेलो, त्याला सांगायचं म्हणून. तिन्ही वेळेला त्यो दिसला. एकदा तर गर्दीत एवढ्या अंतरावर, खांद्यावर घोंगडं. मी माघारी वळलो आणि नारळ न फोडताच एसटीत बसलो. चौथ्यांदा गेलो तर त्यो गेलेला. वरीस झालं होतं.

त्याची पोरगी हिरा, आता तिचे बी केस पिकलेत. तिच्या दारात बसून मी सगळं सांगितलं, शेंदूर, काच, रंग, सगळं. तिनं पाणी दिलं होतं, ते मी पिलो न्हाई. ती मेंढराला पाला टाकत राहिली. मग म्हणली, आवं बाबा, मला काय सांगताय? मला ठाऊकच होतं माझा बा खोटं बोलत न्हाई. मी म्हणलं, पोरी, मी कागदावर लिवून देतो, सही करून. तर ती उसळली. म्हणली, कागद काय करू? आमच्यात वाचता कुणाला येतंय? माझ्या बाला देवळाच्या पारावर नावं ठेवली, माणसांच्या तोंडानं ठेवली, तुमी बी तिथंच या आणि तोंडानंच सांगा. रविवारी सगळी असत्यात.

त्याला आता पाच रविवार झाले, गुरुजी.

तुमी हे लिवून घेतलंत, तुमचं कल्याण होवो, सिद्धनाथ तुमाला आणि तुमच्या लेकराबाळांना सुखी ठेवो. माझ्यासाठी काय मागू नका. पण हा कागद छापा न छापा, हिराचं काम त्यानं होत न्हाई, एवढं मला कळतंय. सकाळची एसटी सहाला निघती. दर शनिवारी मी पिशवी भरतो आणि सकाळी गुडघ्याचं निमित्त करून घरात बसतो. गुडघे दुखत न्हाईत, गुरुजी, लिवा ते बी. या रविवारी तुमी माझ्या संगं चला. बोलायचं मीच हाय, तुमी नुसतं माझ्या शेजारी उभं ऱ्हावा, आणि मी माघारी वळलो तर हाताला धरा.