पाचवी शाल तोरेयंडांची

अध्यक्षस्थानी विराजमान ब्रिगेडियर तोरेयंडा अय्यप्पा, मंचावरचे सत्कारमूर्ती, तोरेयंडा घराण्यातली वडीलधारी मंडळी, लेकीसुना, आणि मागच्या रांगेत डुकराच्या झणझणीत पंदी करीच्या वासाकडे कान देऊन बसलेले माझे स्नेही, सर्वांना पोरुमंडा उत्तय्याचा नमस्कार. जावयाच्या हाती माइक देऊ नये, असं शहाणी माणसं सांगतात. तुम्ही दिलात, आता भोगा.

आज चार शाली पांघरल्या गेल्या. ब्रिगेडियर, न्यायमूर्ती, डॉक्टर आणि गवई. आडनाव एकच! चोर पकडायला, शिक्षा द्यायला, मलमपट्टी करायला घरचीच माणसं, वर शेवटी गाणंही घरचंच. चोर तेवढा बाहेरून आणावा लागेल. आम्हा पोरुमंडांना कळवा, सोय होईल.

पाचवी शाल कालच्या तोरेयंडा-पोरुमंडा सामन्यातल्या तुमच्या गोलकीपरची. आपल्या कोडगूत घराणी आडनावानं हॉकी खेळतात आणि लग्न झालेल्या लेकीनं माहेरकडून उतरायचं की सासरकडून, ते तिचं तिनं ठरवायचं, हे मी तुम्हाला काय सांगावं? काल सकाळी पॅड बांधता बांधता आमची देचम्मा म्हणाली, "अहो, आज मी माहेरची."

"मग रात्री जेवायचं कुठे?"

"गोल मारलात तर तुमच्या आईकडे. नाही मारलात तर घरी या, वाढते."

शेवटी शेवटी आम्हाला पेनल्टी स्ट्रोक मिळाला. मारणारा मीच. तिनं अडवला. जेवण मिळालं, सामना गेला. लोक मला हसत होते, मी सासऱ्यांकडे बघत होतो. मंदप्पामामा चक्क खुर्चीवर चढून ओरडत होते, "तोरेयंडा देचम्मा! माझी पोर!" त्यांना मुलगा नाही, ही एकुलती एक लेक. त्यांच्या घरातून मैदानात आजवर कुणी उतरलंच नव्हतं. तो आवाज ऐकून हरलेल्या मला बरं वाटलं, लपवत नाही.

आणि मघाशी सूत्रसंचालकांनी पुकारा केला, "सौ. पोरुमंडा देचम्मा!" रीतीनं बरोबरच आहे. बाई लग्नानंतर नवऱ्याच्या घराण्याची. देचम्मा जागची हलली नाही. मामा मान खाली घालून काठीशी चाळा करत राहिले. शेजारचे म्हणाले, "जाऊ दे मंदप्पा, आता ती त्यांची." सूत्रसंचालकांनी वेळ मारून न्यायला मला बोलावलं.

मंडळी, एक साधा प्रश्न विचारू का? माझा चेंडू पोरुमंडाच्या माणसानं अडवला असेल, तर आम्ही हरलो कुणाकडून? हरलो ते हरलो, पण ज्यांनी हरवलं त्यांचं नाव तरी नीट घ्या!

मान दिलात, आभारी आहे. काही अधिकउणं बोललो असेन तर जावई म्हणून पोटात घाला. अध्यक्षमहाराज, शाल अजून टेबलावर आहे. नाव मी पुकारणार नाही, तो हक्क माझा नव्हे. हा माइक खाली देतो.

घ्या मामा. काल ओरडलात, तस्संच.