आंबेमळीचा साकव आणि माझा आंधळा फोन

आवाज येतोय हो... चित्र नाही! हे एक वाक्य त्या दोन दिवसांत मी जितक्या वेळा बोललो, तितक्या वेळा उभ्या जन्मात बायकोचं नाव घेतलं नाही! आणि ऐकणाऱ्या प्रत्येकानं काय म्हणावं? "आवाज वाढवून बघा." अरे, आवाज वाढवून चित्र दिसतं का? मग उद्या चष्मा लागला की डोळे सोडा आणि कानात तेल घाला!

तुम्हाला सांगतो, मी बातमीदार माणूस. बेळगावच्या पेपरात आमच्या जोयडा तालुक्याची बातमी आली की समजायचं, माझी. अस्वल गावात शिरलं, मी लिहिलं. बस घाटात बंद पडली, मी लिहिलं, कारण त्या बसमध्येही मीच होतो. धारवाडला बी.ए. केलं, मास्तर झालो असतो तर आज झोपाळ्यावर बसून दुसऱ्याचा पेपर वाचला असता, पण नाही, आम्हाला भांडायची खाज! आणि आमचा नियम एकच. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय छापायचं नाही. आता नशीब बघा, अशा माणसाला फोन कसला मिळावा? डोळेच नसलेला!

झालं काय, आंबेमळी म्हणून जंगलात कुणब्यांची एक वस्ती आहे. भात करतात, कोनफळं लावतात, गुण्यागोविंदानं राहतात. पण रेशनला या, दवाखान्यात या, कुठंही या, मधे ओढा. आणि ओढ्यावर साकव. साकव म्हणजे तुमच्या डोळ्यांपुढं काय आलं? पुसून टाका! दोन ओंडके, वर वेलींनी बांधलेल्या काठ्या, आणि धरायला दोर एकाच बाजूला. म्हणजे जाताना डावखुऱ्यांची सोय, येताना उजव्यांची!

मागच्या जनस्पंदन सभेत... जनस्पंदन म्हणजे जिल्ह्याचे मोठे अधिकारी तालुक्याला येऊन लोकांच्या तक्रारी ऐकतात ती सभा... तर त्या सभेत बांधकाम खात्याचे इंजिनियर उभे राहिले आणि म्हणाले, "साकव सुस्थितीत आहे. जनता आरामात ये-जा करते. विषय बंद करावा." मी उठलोच! म्हटलं, "तुम्ही बघितलाय?" ते म्हणाले, "तुमच्याकडं पुरावा आहे?" म्हटलं, "पुढच्या सभेत व्हिडिओ दाखवतो, सगळ्यांसमोर!" आणि तिथं थांबावं की नाही माणसानं? नाही! दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट टाकून छापलं, 'पुढील सभेत पुरावा सादर करणार.' जिल्ह्याच्या साहेबांनी टिपण लिहिलं, पुढच्या वेळी पुरावा आला नाही तर आंबेमळीचा विषय कायमचा बंद. म्हणजे अब्रू माझी आणि साकव आंबेमळीचा, दोन्ही एकाच दोराला लोंबकळत!

आता माझ्या फोनच्या कॅमेऱ्याला मोतीबिंदू. मी काढलेल्या फोटोत मंत्री आणि म्हैस यांत फरक करता येत नाही. म्हणून आंबेमळीच्या कान्हूला गाठलं. कान्हू म्हणाला, "अण्णा, तुमी काय बी काळजी करू नका. पोरीनं गोव्यासनं नवा फोन धाडलाय. मुंगीच्या मिशा दिसत्यात त्यात."

सभेच्या आदल्या दिवशी व्हिडिओ पाठवला बिचाऱ्यानं. कसा पाठवला? आंबेमळीला रेंज नाही. रेंज साकवाच्या अलीकडं, टेकाडावरच्या जांभळीला. आख्ख्या वस्तीचे फोन तिथं पिशवीत घालून फांदीला टांगतात, मेसेज गेला-आला की उतरवून घेतात. लांबून बघाल तर वाटावं, झाडाला कुणी नवस केलेत! म्हणजे बघा, साकव मोडका आहे हे सांगायला त्याच साकवावरून यायचं! कान्हू आला, फोन टांगला, व्हिडिओ गेला, फोन उतरवला, कान्हू परत गेला. गेला म्हणजे गेलाच. आता पुढच्या बाजारापर्यंत त्याचं दर्शन नाही.

मी मोठ्या दिमाखात सुनयनाला हाक मारली. सुनयना म्हणजे आमच्या घरचं वरिष्ठ न्यायालय. म्हटलं, "ये, बघ, इंजिनियरची कशी जिरवतो!" त्रिकोणावर बोट ठेवलं... काळा पडदा. आणि आवाज! कर्रर्र... कर्रर्र... खाली ओढ्याचा घोंगाट... मग एक बाई जिवाच्या आकांतानं, "हूऽऽऽऽ!" मग एक पुरुष, "हूऽऽऽऽ!" पुन्हा कर्रर्र... आणि मग धबाक्! संपला व्हिडिओ.

सुनयनाच्या हातातली उलथनी खाली पडली. "अहो, कोण पडलं?"

"मला काय ठाऊक?"

"अहो, बघा की मग!"

"काय बघू? आवाज येतोय, चित्र नाही!"

तसाच उठलो आणि नागराजच्या मोबाईलच्या दुकानात गेलो. नागराज मोठा गोड माणूस, पण त्याच्याकडं प्रत्येक रोगावर औषध एकच. "सर, बंद करून चालू केला काय?" केला बाबा, बंद करून चालू केला, चालू करून बंद केला, एकदा तर नुसता धमकावला! मग तो म्हणाला, "सर, जागा न्हाई आत. फोनला श्वास घ्यायला जागा न्हाई." उघडून बघतो तर काय, सुप्रभात! गुलाबाची फुलं, चहाचे कप, आणि उगवते सूर्य... अहो, इतके सूर्य एका फोनात उगवल्यावर तो तापणार नाही तर काय गार पडणार? बसलो पुसत. माझ्या मेव्हण्याचा गुढीपाडवा पुसला, साडूची दिवाळी पुसली, दोन वर्षांपूर्वी वारलेल्या माणसानं पाठवलेलं 'दीर्घायुषी भव' पुसलं! जागा झाली. लावला व्हिडिओ. आवाज आणखी स्वच्छ! पडदा आणखी काळा!

"सर, अपडेट मारा." मारलं. फोन काय म्हणाला असेल? 'तुमचा फोन अद्ययावत आहे'! अरे मेल्या, तुझं शेवटचं अपडेट झालं तेव्हा मला केस होते! पण नाही, कागदोपत्री अद्ययावत. आमच्या रस्त्यांसारखा.

"सर, दुसरा प्लेअर टाका, त्यात सगळं चालतंय." गेलो टाकायला. 'हे ॲप तुमच्या फोनसाठी नाही.' बघा! लग्नाच्या स्थळानंसुद्धा इतक्या तोंडावर नकार दिला नव्हता मला! शेवटी नागराजनं काचेच्या कपाटातनं एक चकचकीत डबा काढला. "सर, ह्यो फोन म्हातारा झालाय. ह्यो घ्या. ह्याला चार डोळे हायत." म्हटलं, "नागराज, मला फोन पाहिजे, ब्रह्मदेव नको!"

घरी येऊन लेकीला फोन लावला. मयूरी आमची बेळगावात कॉम्प्युटरवर काम करते. ती म्हणाली, "बाबा, ओरडू नका. कान्हूकाकांचा फोन नवा. तो व्हिडिओ नव्या पद्धतीनं दाबून बांधतो. तुमच्या जुन्या फोनला आवाजाची गाठ सुटते, चित्राची सुटत नाही."

"मग सोडव तू."

"काकांना सांगा, सेटिंग बदलून परत काढा म्हणावं."

"अगं, कान्हू जांभळीवरून उतरला!"

"काय?"

"काही नाही. दुसरं सांग."

"मग तो मला पाठवा, मी बदलून परत पाठवते." सोपं! पाठवला. गोल फिरायला लागलं. फिरतंय... फिरतंय... मी बघतोय, सुनयना बघतेय, शेजारची फुलामावशी वाटी घेऊन साखर मागायला आली ती साखर विसरून बघतेय... आणि लाईट गेली! आमच्याकडं लाईट गेली की थोड्या वेळानं टॉवर पण जातो, नवऱ्यामागं सती जावं तसा! गोल तिथंच थिजलं.

सकाळी सभा, आणि टॉवर अजून मेलेलाच. गेलो तसाच, फोन खिशात घालून. हॉल भरलेला. समोर जिल्ह्याहून आलेल्या मॅडम, नव्या, कानडी बोलणाऱ्या. इंजिनियर साहेब असे खुर्चीत रेलून बसलेले, जसे लग्नातले मुलाकडचे. माझं नाव पुकारलं. उठलो. घसा खाकरला. आणि भर सभेत, उभ्या तालुक्यासमोर, ज्या माणसानं चौकट टाकून छापलं होतं तो माणूस काय म्हणाला?

"मॅडम... आवाज येतोय. चित्र नाही."

हशा! असा हशा की वरची पाल खाली पडली. इंजिनियर हसत म्हणाले, "मॅडम, साकव आहे, पुरावा नाही. विषय बंद करू या?" मॅडम म्हणाल्या, "अय्यो, चित्र इल्ला? माझ्या नंबरवर पाठवा." "टॉवर इल्ला, मॅडम!" त्यांच्या शिपायानं ब्लूटूथ लावून बघितलं, तर माझा फोन म्हणे, हे कोण, मी ओळखत नाही! मॅडमनी पेन उचललं. त्या पेनाखाली आंबेमळीची फाईल उघडी. मी तसाच टेबलापर्यंत गेलो. म्हटलं, "मॅडम, बंद करायच्या आधी निदान ऐका तरी!"

आणि मी फोन माईकला लावला.

आता घरात त्या फोनचा आवाज म्हणजे डासाएवढा. पण सभेचा माईक, चारी कोपऱ्यांत कर्णे... कर्रर्रर्र! आख्खा हॉल मोडतोय असं वाटलं! खालून ओढा असा गर्जतोय की पुढच्या रांगेतल्यांनी पाय वर घेतले! "हूऽऽऽऽ!" "हूऽऽऽऽ!" कर्रर्रर्र... धबाक्!

आणि व्हिडिओ संपला.

मॅडम पांढऱ्या पडल्या. "कोण पडलं?"

"माहीत नाही, मॅडम."

"जिवंत आहे?"

"माहीत नाही, मॅडम."

"तुम्ही बघितलं नाही?"

आता इथं मी खोटं बोलू शकलो असतो. नाही बोललो! म्हटलं, "मॅडम, आवाज येतोय, चित्र नाही."

"गाडी काढा!"

पुढं जीप, मागं जीप, मग पायवाट, मग साकव. कडेला उभं राहून मॅडम इंजिनियरना म्हणाल्या, "तुम्ही पुढे व्हा. आरामात ये-जा होते ना?" झालं! साहेब बूट काढून चढले. पहिलं पाऊल, कर्रर्र. दुसरं पाऊल, कर्रर्र. मधोमध आले, खाली बघितलं, आणि बसले! बसले ते उठेनात. मग ओणवे झाले. मग ओंडक्याला मिठी मारली, अशी मिठी बायकोला मारली असती तर संसार सोन्याचा झाला असता. आणि ओरडले, "अम्माऽऽऽऽ!"

तेवढ्यात पलीकडच्या झाडीतनं उत्तर आलं, "हूऽऽऽऽ!"

आणि बाहेर कोण आलं? कान्हूची बायको, देवकीवैनी! धडधाकट! कोरडी! डोक्यावर टोपली! तिनं टोपली उतरवली, तरातरा साकवावर आली, साहेबांचा दंड धरला. "उठा ओ साहेब. खाली बघायचं न्हाई. माझ्या पायाकडं बघा." आणि म्हशीचं पारडू आणावं तसं त्यांना अलीकडं आणून सोडलं.

मी म्हटलं, "वैनी, व्हिडिओत पडलं कोण?"

"पडलं? मी कशाला पडतंय? टोपलीतलं कोनफळ पडलं. चांगलं उखळाएवढं हुतं ओ!"

"आणि ते ओरडणं?"

"वरडतंय कोण? हाळी घालतो आमी. साकवावर एकानंच चढायचं, म्हणून अदुगर हूऽ करायचं. पलीकडनं हूऽ आलं की समजायचं, वाट मोकळी." म्हणजे बघा! मला ठाऊक नाही होय जंगलातली हाळी? जन्म गेला इथं! पण भरीला ती कर्रर्र, तो धबाक्... अन् नुसता अंधार! माझीसुद्धा अक्कल गहाण पडली.

मॅडमनी मात्र साहेबांच्या पँटच्या फाटलेल्या गुडघ्याकडं बघितलं, साकवाकडं बघितलं, आणि तिथंच, दगडावर फाईल ठेवून, लोखंडी साकव मंजूर केला. खरंच केला! पाया खणून झालाय, जाऊन बघा. मी पाहिलाय, माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी, म्हणून सांगतोय.

पण गोष्ट इथं संपली असती तर मी तुमच्यापुढं कशाला कुरकुरलो असतो? संध्याकाळी लाईट आली, टॉवर जिवंत झाला, थिजलेलं गोल फिरलं, व्हिडिओ मयूरीला पोचला, तिनं बदलून परत पाठवला. लावला. आलं की हो चित्र! लख्ख! आणि त्या चित्रात काय दिसावं? देवकीवैनी! डोक्यावर भरलेली टोपली, तोंडात पान, दोराला हातसुद्धा न लावता, खळ्यातनं चालावं तशी चाललीय! मधोमध थांबते काय, पदर खोचते काय, कॅमेऱ्याकडं बघून हसते काय! एक कोनफळ घसरतं, धबाक्, आणि ती मान वळवून त्याच्याकडं असं बघते, जसं काही चूक कोनफळाचीच!

मी फोन झटकन उलटा ठेवला. हे चित्र सभेत दिसलं असतं तर? इंजिनियर उठून नाचले असते! "बघा मॅडम, आरामात ये-जा! ओझ्यासकट!" विषय बंद! तिथल्या तिथं बंद! अहो, जन्मभर डोळ्यांनी बघितलेलं छापलं, फोटोसकट छापलं, चौकटीत छापलं, एक खिळा हलला नाही. आणि हलला तो कशानं? न दिसलेल्या चित्रानं!

मयूरीनं आता नवा फोन पाठवलाय. चार डोळ्यांचा. खोक्यात आहे, वर देवघरात. उघडायची चोरी! सुनयना म्हणते, "खबरदार." का, तर आख्ख्या तालुक्यात बातमी झालीय, अण्णांच्या फोनवर व्हिडिओ दाखवला की काम होतं! कुणी विहिरीचा आणतंय, कुणी रस्त्याचा, कुणी...

थांबा, वाजतोय. हॅलो? हां, कान्हू, बोल! जांभळीखालनं का? शाळेच्या छपराचा काढलास? पाठवलास? मिळाला की... लावून बघितला, व्हय... येतोय, येतोय, आवाज मस्त येतोय... चित्र?

नाही रे बाबा, काळजी करू नकोस. अजून बिघडलेलंच आहे.